भोसरीतला डायनो आणि एक पोलो: ट्यूनिंगसाठी गॅरेज निवडण्याचे प्रकरण

ही गाडी फोक्सवॅगन पोलो आहे, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली बीएस-६ श्रेणीची १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरांचे, टर्बो बसवलेले आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारे. कंपनीने जाहीर केलेली ताकद ११० पीएस आणि टॉर्क १७५ न्यूटन-मीटर. मी ती दुसऱ्या हाताने घेतली तेव्हा ती ४१,००० किलोमीटर चालली होती आणि आधीच्या मालकाने तिच्यात बरेच बदल करून ठेवले होते. पुढच्या बाजूला मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) होता, मूळ एअरबॉक्स काढून तिथे उघडा फिल्टर बसवला होता, एक्झॉस्टचा मागचा भाग बदललेला होता आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, कोणीतरी ‘स्टेज १’ म्हणून बदललेली फाइल टाकलेली होती. ती फाइल कोणी लिहिली, कधी टाकली आणि मूळ फाइल कुठे आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आधीच्या मालकाकडे नव्हते.

गाडी सपाट रस्त्यावर उत्तम पळत असे. तिची तक्रार घाटात समोर आली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढत असताना पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास पॅडल दाबले की गाडी क्षणभर अडखळायची, पुन्हा ओढायची आणि पुन्हा अडखळायची. गाडीत चार माणसे असली आणि उन्हाळ्याची दुपार असली की हा प्रकार वाढत असे. डॅशबोर्डवर कोणताही दिवा लागत नव्हता. वर्षातून दोन-तीनदा बंदिस्त मैदानावरच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे वेळेच्या शर्यतीला, आणि एकदा कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ही गाडी न्यावी, असा माझा विचार होता आणि त्यासाठीच ती घेतली होती. त्यामुळे मला दोन गोष्टी हव्या होत्या. गाडीत नेमके काय चालले आहे ते मोजून कळायला हवे होते, आणि तिच्यातल्या बदलांना साजेसा मॅप, म्हणजे ईसीयूतले तक्ते, डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसवून घ्यायचा होता. दोन्ही कामे ज्याच्यावर सोपवता येतील असे गॅरेज पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरातच हवे होते, कारण ट्यूनिंग एका भेटीत संपत नाही आणि प्रत्येक फेरीला बंगळुरू किंवा कोइमतूर गाठणे नोकरी सांभाळून शक्य नव्हते.

या शोधात मी तीन गॅरेजांत गेलो. तिन्ही ठिकाणी जे पाहिले ते शक्य तितक्या तपशिलाने पुढे मांडले आहे. गॅरेजांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिले गॅरेज: तयार फाइल

पहिल्या ठिकाणी स्वतःचा डायनो नव्हता. ‘डायनोवर सिद्ध झालेली फाइल’ पाऊण तासात टाकून देऊ, असे सांगण्यात आले. मी विचारले की फाइल इथे बसून तुम्ही लिहिता का, तर उत्तर मोघम आले. जरा खोदून विचारल्यावर समजले की त्यांच्याकडचे उपकरण स्लेव्ह प्रकारचे आहे. या धंद्यात ईसीयू वाचण्या-लिहिण्याची उपकरणे मास्टर आणि स्लेव्ह अशा दोन प्रकारांत मिळतात. मास्टर उपकरणाने वाचलेली फाइल उघडून तिच्यातले तक्ते बदलता येतात. स्लेव्ह उपकरणाने वाचलेली फाइल मात्र कुलूपबंद असते. ती ज्याच्याकडे मास्टर आहे त्याला पाठवावी लागते आणि त्याने बदलून परत पाठवली की ती जशीच्या तशी गाडीत ओतायची असते. स्लेव्ह उपकरण वापरण्यात गैर काही नाही, कित्येक चांगली गॅरेजे एखाद्या जाणत्या कॅलिब्रेटरशी, म्हणजे फाइल लिहिणाऱ्याशी, जोडून घेऊन असेच काम करतात. परंतु तसे असेल तर फाइल लिहिणारा कोण, त्याला माझ्या गाडीचे लॉग (चालताना नोंदवलेले आकडे) पाहायला मिळणार का आणि अडचण आली तर तो दुरुस्ती करून देणार का, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. इथे यांपैकी काहीही ठरलेले नव्हते. इंटरकूलर बदललेला आहे हे सांगितल्यावरही ‘तीच फाइल चालेल’ एवढेच उत्तर मिळाले, तेव्हा मी आभार मानून निघालो.

दुसरे गॅरेज: १४३ पीएसचा कागद

दुसऱ्या गॅरेजचा पसारा मोठा होता. त्यांच्याकडे मोठ्या ड्रमचा इनर्शिया डायनो होता. या प्रकारात गाडीची चाके एक जड ड्रम फिरवतात. ड्रमचे जडत्व ठाऊक असल्याने तो किती वेगाने गती घेतो यावरून ताकद काढली जाते. पूर्ण पॅडलवरची धाव मोजायला ही पद्धत चांगली आहे आणि तिच्यात सातत्यही असते. मात्र ड्रमला वेगळा ब्रेक जोडलेला नसेल तर इंजिन एका आरपीएमवर, ठरावीक भाराखाली धरून ठेवता येत नाही. माझी तक्रार तर नेमकी तिथली होती: कमी आरपीएम, जास्त भार, आणि तो भार कित्येक सेकंद टिकून राहिलेला.

तिथे आधी मोजणी करून घेऊ, असे मी म्हटले. गाडी ड्रमवर चढवली, पट्टे आवळले आणि लागोपाठ तीन रन घेतले. रेडिएटरसमोर घरात वापरतो तसा एक उभा पंखा होता. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने इंटरकूलरवर जी हवा यायला हवी तिच्या मानाने तो वारा नगण्य होता. तिसऱ्या रनच्या वेळी इंजिनात येणाऱ्या हवेचे तापमान ६० अंशांच्या वर गेलेले मी माझ्या स्कॅनरवर पाहिले. रन संपल्यावर प्रिंटरमधून रंगीत कागद आला. त्यावर ठळक अक्षरांत १४३ पीएस असे छापलेले होते आणि काउंटरवरच्या तरुणाने अभिनंदन म्हणून हात पुढे केला.

कागद घरी आणून मी नीट वाचला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, हा आकडा कसा काढला ते लिहिलेले होते. प्रत्यक्ष चाकांवर मोजलेली ताकद १०९ पीएस होती. तीही तीन रनांपैकी पहिल्याची. पुढचे दोन रन १०५ आणि १०२ वर आले होते आणि ते छापलेले नव्हते. या १०९ ला डीआयएन या जर्मन मानकाच्या पद्धतीचा १.१२ हा दुरुस्ती गुणक लावून १२२ केले होते. मग गिअरबॉक्स आणि टायरमध्ये १५ टक्के ताकद खर्च होते असे गृहीत धरून १२२ ला ०.८५ ने भागले होते आणि त्यातून १४३ आले होते.

हा १.१२ कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. हवा विरळ किंवा गरम असली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. म्हणून वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या ऋतूंत मोजलेले आकडे एका मापात आणण्यासाठी गुणक वापरतात. डीआयएनच्या जुन्या पद्धतीत १०१३ मिलिबार दाब आणि २० अंश तापमान हे प्रमाण मानलेले आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथला दाब त्या दिवशी ९४८ मिलिबार होता. एवढ्या एकाच कारणाने गुणक १.०७ च्या घरात जातो. उरलेले काम तापमानाने केले. कागदावर खोलीचे तापमान ४७ अंश छापलेले होते, आणि मला आठवत होते की खोलीतल्या भिंतीवरच्या तापमापकात ३४ होते. पुढच्या भेटीत मी मुद्दाम पाहिले, तर डायनोचा तापमान सेन्सर रेडिएटरच्या बाजूने येणाऱ्या गरम झोताच्या वाटेत तारेला लोंबकळत होता. ३४ अंश धरून मी पुन्हा हिशेब केला तेव्हा गुणक १.०९ आला. म्हणजे सेन्सर चुकीच्या जागी टांगल्यामुळे गाडीला सुमारे अडीच पीएस फुकट मिळाले होते.

याहून मोठा प्रश्न असा, की उंचीची ही भरपाई टर्बो गाडीला द्यावी का. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात बाहेरचा दाब घटला की आतला दाबही त्याच प्रमाणात घटतो, त्यामुळे तिथे गुणक न्याय्य ठरतो. आजच्या टर्बो इंजिनात मात्र ईसीयू आत किती हवा हवी हे आधी ठरवतो आणि बाहेरची हवा विरळ असेल तर टर्बो जास्त वेगाने फिरवून ती गाठतो. टर्बो आपल्या मर्यादेच्या आत असेपर्यंत उंचीने झालेले बरेचसे नुकसान त्याने आधीच भरून काढलेले असते. त्यावर पुन्हा सात टक्के जोडणे म्हणजे एकच भरपाई दोनदा घेणे झाले. गिअरबॉक्समधली १५ टक्के घटही कोणी मोजलेली नव्हती, ती नुसती सवयीने धरलेली होती.

या गॅरेजने मला फसवले असे मी म्हणणार नाही. १४३ कसे आले तो हिशेब कागदावर होता आणि येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांना तोच मोठा आकडा हवा असतो. परंतु ज्याला घाटातला झटका शोधायचा आहे त्याच्या हातात १४३ हा आकडा काहीच देत नाही. त्यांनी पुढे सुचवलेला उपाय तर मला मुळीच पटला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकू, सरळ पाइप बसवू आणि ‘स्टेज २’ टाकू, म्हणजे आकडा १६० पार जाईल, असे ते म्हणाले. झटक्याचे काय, या प्रश्नावर ‘नवीन फाइलमध्ये जाईल’ असे उत्तर आले. नॉकिंगचे (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याचे) लॉग घेतले का, असे विचारल्यावर मात्र ते गप्प राहिले.

इथे कायद्याचा भाग सांगणे आवश्यक आहे, कारण कोणते गॅरेज त्याविषयी स्वतःहून बोलते यावरून मला बरेच काही समजले. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे होतील. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विम्याचा प्रश्न तर वेगळाच आहे: कंपनीला न सांगता बदल केलेल्या गाडीचा अपघात झाला तर दावा अडकण्याची भीती असते. कन्व्हर्टर काढणे हा केवळ कागदोपत्री गुन्हा नाही, त्या पाइपातून निघणारा धूर आपल्याच शहरातली माणसे श्वासात घेतात. दुसऱ्या गॅरेजात यातला एकही शब्द कोणी उच्चारला नाही.

तिसरे गॅरेज: आधी प्लग काढा

तिसऱ्या गॅरेजचा पत्ता मला ऑटोक्रॉसच्या मैदानावर मिळाला. जिंकणाऱ्यांना विचारण्याऐवजी मी ज्यांच्या गाड्या तीन-चार हंगाम न बिघडता पळत आहेत त्यांना विचारत होतो, आणि त्यांच्यापैकी तिघांनी एकच जागा सांगितली. भोसरी एमआयडीसीच्या एका गल्लीत, मशीन शॉपच्या शेजारी, साधी पत्र्याची शेड होती. मी न कळवता मंगळवारी दुपारी गेलो, कारण शनिवारी सगळेच दुकान सजवून बसतात. आत एडी करंट ब्रेकचा, म्हणजे चुंबकीय ब्रेकने भार देता येणारा, रोलर डायनो होता. त्याच्यावर एक डिझेल एसयूव्ही चढवलेली होती. गाडी चार बाजूंनी रॅचेट पट्ट्यांनी बांधलेली होती, मागच्या चाकांना ठोकळे लावलेले होते, एक्झॉस्टला जोडलेला जाड पाइप धूर शेडबाहेर नेत होता आणि अग्निशामक नळकांडे हाताशी होते. रन चालू असताना गाडीच्या समोर किंवा मागे कोणालाही उभे राहू देत नव्हते. समोर माणसाच्या छातीएवढा उंच ब्लोअर होता आणि त्याचा आवाज इंजिनाच्या आवाजाला भारी पडत होता.

गॅरेजचे चालक साधारण पन्नाशीचे आहेत. आधी त्यांनी बरीच वर्षे एका इंजिन कारखान्याच्या टेस्ट सेलमध्ये काम केले आहे. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तसेच म्हणू लागलो. मी १४३ चा कागद दाखवला. त्यांनी कोपऱ्यातली अक्षरे चष्मा कपाळावर सरकवून वाचली, कागद घडी घालून परत दिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘पेट्रोल रोज कुठलं भरता?’ दुसरा प्रश्न होता, ‘प्लग शेवटचे कधी बदलले?’ मला दोन्हींची नीट उत्तरे देता आली नाहीत. तेव्हा ते म्हणाले, ‘मग आज ट्यूनिंग नाही. आधी गाडी निरोगी आहे का ते बघू.’

त्या दिवशी त्यांनी एकच काम केले, तपासणी. आधी जुन्या फाइलवरच तीन रन घेतले, दोन रनांच्या मधल्या वेळात इंजिन थंड होऊ देऊन. चाकांवर, कोणताही गुणक न लावता, १०३, १०१ आणि ९८ पीएस आले. मग ब्रेकने गाडी २,२०० आरपीएमवर धरून हळूहळू भार वाढवला. मला त्यांनी बाजूच्या स्क्रीनसमोर बसवले होते. आलेखावर तीन सिलिंडरांच्या तीन रेषा होत्या. पहिल्या दोन शून्याच्या आसपास सरकत होत्या. तिसऱ्या सिलिंडरची रेषा मात्र एकदम खाली पडत होती: ईसीयू नॉकिंग ऐकून त्या सिलिंडरची ठिणगी सहा-सात अंशांनी उशिरा पाडत होता, थोड्या वेळाने पुन्हा पुढे आणत होता आणि पुन्हा मागे घेत होता. खंबाटकीतला झटका माझ्या डोळ्यांसमोर रेघेत उमटत होता.

इंजिन निवल्यावर त्यांनी प्लग काढले आणि तिसऱ्या सिलिंडरचा प्लग माझ्या तळहातावर ठेवून बॅटरी धरली. टोकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरवावी तसे बारीक काळे ठिपके होते. बाकीच्या दोन प्लगांची चिनीमाती एकसारखी फिकट तपकिरी होती. नॉकिंगच्या धक्क्यांनी आतला थर उडून प्लगवर बसतो, त्याचे हे ठिपके, असे त्यांनी समजावले. ठिपक्यांत चंदेरी चमक असती तर पिस्टनचे ॲल्युमिनियम झिजू लागले असा अर्थ झाला असता. म्हणून त्यांनी प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, घालून पिस्टनचा माथा पाहिला. तो शाबूत होता. मग धूर सोडून गळती तपासली, तेव्हा मोठ्या इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या होजच्या क्लॅम्पपाशी धुराची बारीक रेघ निघू लागली. त्या जागी तेलकट ओल होती आणि तिच्यावर धूळ चिकटून काळी कडा तयार झालेली होती, म्हणजे गळती जुनी होती. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळत असल्याने टर्बोला जास्त मेहनत करावी लागत होती आणि हवा अधिक तापत होती. त्यात भर म्हणून उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत होता.

त्यानंतर त्यांनी ईसीयूतली फाइल वाचून त्याच सॉफ्टवेअर क्रमांकाच्या मूळ फाइलशी ताडून पाहिली. १,८०० ते २,२०० आरपीएममधली टॉर्कची मर्यादा भरपूर वाढवलेली होती आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा दोष नोंदवणारी तपासणी बंद करून ठेवलेली होती. माझ्या गाडीत कन्व्हर्टर जागेवर होता, तरीही. म्हणजे ही फाइल माझ्या गाडीसाठी लिहिलेलीच नव्हती. कन्व्हर्टर काढलेल्या कुठल्या तरी दुसऱ्या गाडीसाठी तयार झालेली ती इथे ओतली गेली होती.

कमी आरपीएमवर टॉर्क वाढवण्याचा मोह या छोट्या इंजिनांत विशेष घातक ठरतो, आणि त्यावर काकांनी मला अर्धा तास दिला. थेट फवारणीच्या टर्बो इंजिनात कमी वेग आणि जास्त भार एकत्र आले की कधी कधी ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेट घेते. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेलाचा थेंब किंवा साचलेल्या काजळीचा कण त्याला कारण होऊ शकतो. याला एलएसपीआय म्हणतात. नॉकिंग ऐकून ईसीयू पुढच्या वेळची ठिणगी मागे घेऊ शकतो, पण ठिणगीच्या आधीच घडलेल्या स्फोटावर त्याचा काहीच इलाज चालत नाही, आणि असा एकच जोरदार स्फोट पिस्टनच्या रिंगांमधली कड मोडू शकतो. इंजिन ऑइलच्या घटकांचाही यात हात असतो, म्हणून तर २०२० मध्ये आलेल्या एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी या ऑइल दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. घाटात पाचव्या गिअरमध्ये जो ‘पंच’ लोकांना आवडतो तो नेमक्या याच पट्ट्यातला असतो. काकांचे वाक्य माझ्या वहीत आहे: ‘दोन हजारच्या खाली मी टॉर्क देत नाही. ज्याला पाहिजे त्याने दुसरीकडे जावं.’

माझा निर्णय त्या वाक्यापाशी झाला. पैसे घेण्याआधी कामाला नकार देणारा माणूस या धंद्यात दुर्मीळ असतो, आणि त्याच्या नकाराला आलेखाचा आधार होता.

काम

आठवड्याभरात नवे प्लग बसवले, क्लॅम्प बदलला, एसपी दर्जाचे ऑइल भरले आणि जुना मूळ एअरबॉक्स शोधून पुन्हा लावला. दुसऱ्या भेटीत त्यांनी आधी कंपनीची मूळ फाइल गाडीत टाकली आणि तिच्यावर तीन रन घेतले: ९६.४, ९६.१ आणि ९६.६. तीन रनांत अर्ध्या पीएसचाच फरक होता. ही पायारेषा हातात आली नसती तर पुढच्या कोणत्याही वाढीला अर्थ राहिला नसता, कारण वाढ कशाच्या तुलनेत हेच ठाऊक नसते. तोच डायनो, तोच दिवस, तोच गिअर, टायरमधली हवा तीच आणि ब्लोअर तोच, एवढे सारखे ठेवल्यावर गुणकाची गरजच उरत नाही.

पेट्रोलविषयी त्यांचा आग्रह ठाम होता. १०० ऑक्टेनचे पेट्रोल निवडक पंपांवरच मिळते. सातारा-कोल्हापूरच्या वाटेवर रात्री जे मिळेल ते भरावे लागते, म्हणून मॅप साध्या पेट्रोलवरच करायचा. त्यातही २०२५ पर्यंत देशभर बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० आले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण ज्वलनासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर ई-२० ला साधारण १३.५. ज्या गॅरेजात अजून ‘एअर-फ्युएल १२.५ ठेवलंय’ अशी भाषा चालते तिथे हा आकडा कोणत्या पेट्रोलचा, हे विचारायला हवे. काका सगळे लॅम्डामध्ये, म्हणजे पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे या मापात, बोलतात, त्यामुळे पेट्रोल कुठलेही असले तरी मोजमाप तेच राहते.

मग साडेचार तास काम चालले. १,५०० पासून ५,५०० पर्यंत प्रत्येक ५०० आरपीएमला ब्रेकने इंजिन धरायचे, अर्ध्या पॅडलपासून पूर्ण पॅडलपर्यंत भार वाढवायचा, प्रत्येक सिलिंडरची नॉकिंगमुळे होणारी माघार, बूस्टचे लक्ष्य आणि प्रत्यक्ष बूस्ट, लॅम्डा, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि फ्युएल रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब पाहायचा, तक्त्यातला एखादा चौकोन बदलायचा, पुन्हा धरायचे. प्रत्यक्ष पूर्ण पॅडलचे रन सहाच झाले. शेवटचा आकडा चाकांवर १११ पीएस आला आणि टॉर्क १८१ न्यूटन-मीटर, मूळ फाइलवर तो १५२ होता. जुन्या फाइलचा सर्वोच्च टॉर्क १९० होता, म्हणजे नव्या मॅपने कमाल आकड्यात मला चक्क कमी दिले. पण जुना आलेख १,९०० ला सुळक्यासारखा वर जाऊन नंतर करवतीच्या दात्यांसारखा उतरत होता, तर नवा २,३०० पासून ४,२०० पर्यंत जवळजवळ सपाट होता आणि तिन्ही सिलिंडरांची माघार दोन अंशांच्या आत राहिली होती. आलेखावर किती प्रमाणात रेषा गुळगुळीत केली आहे, हेही त्यांनी दाखवले. ते प्रमाण वाढवले की करवतीचे दातेसुद्धा टेकडीसारखे दिसतात, आणि दुसऱ्या गॅरेजच्या कागदावर नेमके तेच झाले होते.

कन्व्हर्टर जागेवर ठेवला आणि त्याची तपासणी पुन्हा चालू केली. कायद्याचा विषय त्यांनीच काढला. रस्त्यावर कंपनीची मूळ फाइल आणि ट्रॅकवर नवी, असा तोडगा त्यांनी सुचवला आणि फाइल बदलण्याचे छोटे उपकरण गाडीच्या क्रमांकाला बांधून दिले. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूची फाइल बदलल्याचे ओळखता येते, फोक्सवॅगन समूहात अशा गाडीवर टीडी-१ अशी खूण पडते आणि वॉरंटी त्याच्याशी जोडलेली असते, हेही त्यांनी बिल करण्याआधी सांगितले. माझ्या गाडीची वॉरंटी संपलेली होती, तरी सांगितले. बिलासोबत पेन ड्राइव्हमध्ये मूळ फाइल, नवी फाइल, सगळे लॉग आणि गुणक न लावलेले आलेख मिळाले.

मूळ फाइल टाकून मी त्याच आठवड्यात चार माणसांसह खंबाटकी चढलो. पाचव्या गिअरमध्ये, दोन हजारच्या जरा वर, पॅडल दाबून धरले. झटका आला नाही. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मी ट्यूनिंग शोधत निघालो होतो ती प्लग, क्लॅम्प, एअरबॉक्स आणि ती परकी फाइल काढून टाकण्यानेच गेली होती. नव्या मॅपचा तिच्याशी काही संबंध नव्हता. हे काकांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘मला माहीत होतं’ एवढेच म्हटले आणि ट्रॅकचे लॉग पाठवायला सांगितले.

करीवरचे लॉग मी संध्याकाळी हॉटेलमधून पाठवले. लागोपाठ सहा फेऱ्यांनंतर ५,२०० च्या वर फ्युएल रेलमधला दाब लक्ष्यापेक्षा किंचित खाली येत होता. डायनोवर, ब्लोअरसमोर, एवढी उष्णता कधी साचली नव्हती. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला, वरच्या टोकाला थोडे बूस्ट कमी केलेली फाइल त्यांनी पाठवली होती आणि सकाळच्या पहिल्या फेरीआधी ती टाकायची होती. परत आल्यावर तीच फाइल पुन्हा रोलरवर मोजली. चाकांवर १०९ पीएस आले, आणि तो कागद आता गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये आहे.